बॅरल एज्ड स्टाउट कशी प्यायची (फ्रिजमधून काढून लगेच तर अजिबात नाही)

दिवाळी होऊन दोन-चार आठवडे झालेले असतात, फराळाच्या डब्यात तळाशी चकलीचे तुकडे उरलेले असतात आणि इकडे शिकागोत थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी गूस आयलंड या ब्रुअरीची बर्बन काउंटी स्टाउट, म्हणजे पिंपात मुरवलेली काळी, कडक बीअर, बाजारात येते. लोक कडाक्याच्या थंडीत पहाटेपासून लाइन लावतात, एका वर्षी आम्हीही लावली. आणि एवढ्या कष्टाने आणलेली बाटली मी प्यायले कशी, तर फ्रिजमधून काढली, बीअरच्या मगात ओतली आणि मोठा घोट घेतला. कफ सिरप! दुसरं काही सुचलंच नाही. बाटलीचा काही दोष नव्हता, चुकलं माझंच, म्हणून हे लिहितेय.

आधी ही भानगड काय आहे ते थोडक्यात. अमेरिकेत बर्बन, म्हणजे मक्यापासून केलेली व्हिस्की, नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते असा कायदाच आहे, त्यामुळे एकदा बर्बन काढली की ते सुमारे २०० लिटरचं पिंप परत बर्बनसाठी चालत नाही, मग ते बीअरवाले घेतात. त्यात जाड, काळी स्टाउट कित्येक महिने पडून राहते. उन्हाळ्यात लाकूड फुगतं, बीअर आत शिरते, हिवाळ्यात परत बाहेर येते, आणि येताना व्हॅनिला, सुकं खोबरं, जळकी साखर असे वास घेऊन येते. ही झाली साधी बॅरल एज्ड. डेझर्टवाली, म्हणजे लोक जिला पेस्ट्री स्टाउट म्हणतात, तिच्यात वरून अजून खरंखुरं व्हॅनिला, कोको निब्ज (कोकोच्या बियांचे तुकडे), खोबरं, दालचिनी, मेपल सिरप असं काय काय पडतं. काहीजण लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर पण घालतात, ती बीअरच्या यीस्टला पचत नाही म्हणून गोडवा तसाच राहतो.

आता मुद्द्याचं. बाटली प्यायच्या आधी पाऊण तास फ्रिजबाहेर काढून ठेवा. १२-१३ डिग्रीला आली की प्यायला सुरुवात करायची, पुढची गरम ती हातातच होते. थंडगार असली की वासच येत नाही, नुसता गोडपणा आणि कडूपणा जिभेवर आपटतो, माझं कफ सिरप तिथेच झालं. ग्लास पोटाकडे फुगीर आणि तोंडाशी निमुळता हवा, ब्रँडीचा असला तर उत्तम, नाहीतर वाइनचा चालतो. फक्त साबण नीट धुतला गेलाय ना ते बघा, साबण राहिला की फेस बसतो आणि वासही बिघडतो.

आणि एकट्याने बाटली संपवायला जाऊ नका बरं का. ५०० मिलीची बाटली आणि १४ टक्के अल्कोहोल म्हणजे ७० मिली शुद्ध अल्कोहोल झालं, साध्या बीअरचे चार कॅन एका बाटलीत. चौघं-पाचजण बोलवा, प्रत्येकाला ८०-१०० मिली, आणि घरी जाताना गाडी कुणी चालवायची ते आधीच ठरवा.

ओतताना ग्लास तिरका धरा, हळू ओता. फेस कॉफीच्या रंगाचा येतो आणि लगेच बसतो, घाबरू नका, एवढ्या अल्कोहोलमध्ये तो टिकत नाही. ग्लास एकदा फिरवून काचेवरून तेलासारखे ओघळ उतरतात ते बघा. मग वास. नाक एकदम आत खुपसलंत तर अल्कोहोलचा झटका बसेल आणि पुढची पाच मिनिटं काही कळणार नाही. ग्लास नाकापासून जरा लांब धरा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि छोटे छोटे श्वास घ्या. लोकांच्या नोट्समध्ये मोलॅसिस, फिग असं वाचून मी गोंधळायचे, मग लक्षात आलं की अरे ही तर काकवी आहे! काकवी, खजूर, मनुका, भाजलेलं सुकं खोबरं, तळाशी लागलेल्या पाकाचा वास, आपल्याकडे शब्द आहेत की सगळे.

पहिल्या घोटावर मत बनवू नका, तो फक्त तोंड तयार करायला. दुसरा चमचाभरच घ्या, जिभेवर फिरवा, गिळा आणि मग नाकाने श्वास सोडा, खरी गंमत तिथे आहे, पिंपाचं लाकूड आणि बर्बन तेव्हाच कळते. गिळल्यावर काय उरतं तेही बघा. चांगल्या बीअरमध्ये गोड ओसरून डार्क चॉकलेटसारखा कडवटपणा राहतो. नुसता गोड चिकटा राहिला तर माझ्या मते ती बीअर नाही, सिरप आहे, वर कितीही व्हॅनिला ओतलेलं असो. आंबट लागली तर काहीतरी बिघडलंय, ओल्या पुठ्ठ्यासारखी किंवा सोया सॉससारखी लागली तर जास्त म्हातारी झालीय.

दोन-तीन बाटल्या असतील तर साधी आधी, फ्लेवरवाली नंतर. उलटं केलंत तर साधी पाण्यासारखी वाटते. मध्ये पाणी प्या. लगेच उघडायची नसेल तर अंधारात, थंड जागी, उभी ठेवा. साधी दोन-तीन वर्षं छान मुरते, पण कॉफी घातलेली मात्र त्याच हिवाळ्यात संपवा, कॉफीचा वास सगळ्यात आधी उडतो.

सोबत काय? बेसनाचा लाडू नको, मी करून बघितलंय, दोन्ही वाया जातात. खारट पाहिजे, ब्लू चीज, खारे शेंगदाणे, आणि त्या डब्यातले चकलीचे तुकडे. ग्लासात तळाशी दोन घोट ठेवा आणि अर्ध्या तासाने परत प्या. परवा एका मैत्रिणीने असेच विसरून ठेवलेले दोन घोट प्यायले आणि म्हणाली, "ही दुसरी बाटली कधी उघडलीत गं?"