मोटोक्रॉसच्या टीममध्ये जागा मागण्यापूर्वी: गोव्यातील पालकांसाठी तयारीची यादी

गोव्यातील एखादा मुलगा किंवा मुलगी मोटोक्रॉसमध्ये, म्हणजे मातीच्या खडबडीत ट्रॅकवरील मोटारसायकल शर्यतींत, ८५ सीसीच्या वर्गात सातत्याने पुढे येऊ लागली की घरात टीमची भाषा सुरू होते. गाडी, सुटे भाग, मेकॅनिक आणि प्रवासखर्च टीमने उचलावा ही अपेक्षा वावगी नाही. मात्र देशात अशा जागा बोटांवर मोजण्याइतक्याच असल्यामुळे विचारणा करण्यापूर्वी एका पूर्ण हंगामाची तयारी हाती असावी. टीमचा व्यवस्थापक रायडरच्या सर्वांत वेगवान लॅपवर भाळत नाही, त्याचा वाईट दिवस किती वाईट जातो हे तो पाहतो. पुढील यादी याच दृष्टीने केली आहे.

प्रथम कोणत्या दारावर थाप मारायची ते ठरवावे. टीव्हीएस रेसिंग १९८२ पासून मैदानात आहे आणि हीरो मोटोस्पोर्ट्सची रॅली टीम २०१६ मध्ये उभी राहिली. २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीला सुरू झालेल्या इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगमध्ये (सुपरक्रॉस म्हणजे स्टेडियममध्ये बांधलेल्या ट्रॅकवरील मोटोक्रॉस) रायडर लिलावातून घेतले जातात. सुपरक्रॉस हेच अखेरचे स्टेशन आहे असेही समजू नये. २०१५ मध्ये अनेक दिवस चालणारी, लांब पल्ल्याची डकार रॅली पूर्ण करणारे पहिले भारतीय सी. एस. संतोष आणि २०२४ च्या डकारमध्ये रॅली-२ वर्ग जिंकून एकूण क्रमवारीत अकरावे आलेले हरिथ नोआ, हे दोघेही सुपरक्रॉसमधून तिकडे गेले. परदेशाचे स्वप्न असेल तर वयाचा हिशेब आधीच मांडावा, कारण जागतिक स्पर्धेच्या एमएक्स-२ (२५० सीसी) वर्गाला २३ वर्षांची मर्यादा आहे आणि तेथील टीम सोळा-सतरा वर्षांच्या मुलांवर नजर ठेवून असतात.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे आहे, पण ते महिनाभर आधी संपवावे. एफएमएससीआयचा (देशातील मोटरस्पोर्ट क्लबांचा महासंघ) चालू वर्षाचा परवाना, वैद्यकीय प्रमाणपत्र, वयाचा दाखला, पालकांचे संमतीपत्र आणि पासपोर्ट एकाच फाइलमध्ये असावेत. अपघात विम्याची पॉलिसी स्वतः वाचावी, एजंटच्या शब्दावर जाऊ नये. अनेक पॉलिसींमध्ये शर्यतीत झालेली दुखापत स्पष्ट शब्दांत वगळलेली असते.

आता खऱ्या तयारीकडे. जागतिक मोटोक्रॉसमध्ये एका दिवशी दोन मोटो, म्हणजे दोन स्वतंत्र शर्यती, होतात, प्रत्येक मोटो ३० मिनिटे आणि वर दोन लॅपचा असतो, आणि पहिल्या पाच क्रमांकांना २५, २२, २०, १८ व १६ गुण मिळतात. एक मोटो जिंकून दुसऱ्यात पडून बाहेर गेलेल्या रायडरच्या नावावर २५ गुण लागतात, तर दोन्ही मोटोंत शांतपणे पाचवा आलेला रायडर ३२ गुण घेऊन घरी जातो. म्हणून सरावात एका लॅपचा विक्रम मोजण्याऐवजी पूर्ण मोटोच्या लांबीचा सराव करावा, प्रत्येक लॅपची वेळ वहीत लिहावी, आणि पहिल्या पाच व शेवटच्या पाच लॅपमधील फरक दर आठवड्याला तपासावा. हा फरक कमी होत नसेल तर दोष बहुधा गाडीचा नसून दमसासाचा किंवा हँडल आवळून धरण्याचा असतो. हात भरून आले की ब्रेक उशिरा लागतो आणि मग व्हूप्समध्ये, म्हणजे ट्रॅकवरील सलग लहान उंचवट्यांच्या रांगेत, मागचे चाक आडवे जाते. गेटवरचा, म्हणजे शर्यतीच्या सुरुवातीचा, सराव वेगळा करावा. चाळीस गाड्या एका वळणात घुसतात तेव्हा दहाव्या स्थानावरून बाहेर पडणारा आणि तिसाव्या स्थानावरून बाहेर पडणारा यांची शर्यत एकच राहत नाही. २०१० मध्ये अमेरिकन रायडर एली टोमॅकने कॅलिफोर्नियातील हँगटाउनला व्यावसायिक पदार्पणाचीच शर्यत जिंकली, हे उदाहरण पालकांच्या तोंडी फार असते. ते अपवादाचे उदाहरण आहे, त्यावर घरचा अर्थसंकल्प बेतू नये.

व्हिडिओ पाठवायचा तर उड्यांचे तुकडे जोडून संगीत लावलेली फीत पाठवू नये. एक संपूर्ण मोटो, कॅमेरा शक्यतो एका जागी, आणि त्यात एखादी पडझड असेल तर तीही ठेवावी, कारण पडल्यावर रायडर किती सेकंदांत गाडी उचलतो, क्लच दाबून ती कशी सुरू करतो आणि पुढच्याच लॅपला त्या वळणावर कचरतो का, हे पाहणाऱ्याला फार काही सांगून जाते.

जागेचा प्रश्न गोव्यात सर्वांत बिकट आहे. डिचोली, सांगे, केपे या तालुक्यांत मोकळ्या चिरेखाणी आणि पडीक जमिनी दिसतात. परंतु मालकाची लेखी परवानगी आणि पंचायतीला कल्पना दिल्याशिवाय तेथे गाडी उतरवू नये. मोटोक्रॉसची गाडी रस्त्यासाठी नोंदलेली नसते, तेव्हा ती पिकअपमध्ये बांधूनच न्यावी. ‘मैदान जवळच आहे’ म्हणून अल्पवयीन मुलाला रस्त्यावर चालवू दिल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ नुसार पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जून ते सप्टेंबर जांभ्याची तांबडी माती चिखल होऊन चाकाला चिकटते, तेव्हा हे महिने व्यायाम, पोहणे आणि इंजिनच्या कामासाठी ठेवावेत. अधूनमधून चिखलात चालवणेही उपयोगी आहेच. उन्हाळ्यातील धूळ मात्र अधिक घातक. एअर फिल्टर प्रत्येक सरावानंतर धुवावा, पूर्ण वाळवावा, तेल सर्वत्र सारखे चोळावे आणि बसवताना कडेला ग्रीसचा पातळ थर द्यावा, कारण बारीक लाल धूळ कडेच्या फटीतूनच आत जाऊन पिस्टन आणि सिलिंडर खाते. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी चेन आणि स्पोकवरील गंज रोज पाहावा. इंजिनचे तास नोंदवणारे मीटर लावलेले असेल आणि पिस्टन कधी बदलला हे रायडरला तोंडपाठ असेल, तर टीमच्या मेकॅनिकचे मत तिथेच अर्धे जिंकले जाते.

शरीराच्या बाबतीत दोन गोष्टींवर तडजोड नको. डोक्याला मार लागून मूल क्षणभर जरी भांबावले, तरी डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत त्याने गाडीवर बसू नये, मग पुढची फेरी निवड चाचणीची असली तरी. दुसरे औषधांचे: स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची गोळी ठरावीक प्रमाणापुढे स्पर्धेच्या काळात उत्तेजक ठरते, म्हणून फार्मसीतून काहीही घेण्याआधी ‘वाडा’ची (जागतिक उत्तेजकविरोधी संस्था) निषिद्ध औषधांची यादी पाहावी. लेबल नसलेली शक्तिवर्धक चूर्णे घरातूनच हद्दपार करावीत.

करार आला की घाई होते. भारतीय करार कायदा १८७२ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती करार करण्यास पात्र नसते, त्यामुळे पालकांशी बोलणी होतात आणि वाचण्याची जबाबदारीही त्यांचीच. दुखापतीत उपचाराचा खर्च कोणाचा, हंगामाच्या मध्यात जागा गेली तर गाडी कधी परत करायची, स्वतःचा स्थानिक प्रायोजक हेल्मेटवर चालेल का, आणि दहावी-बारावीच्या परीक्षांच्या तारखांना सूट आहे का, ही चार उत्तरे लेखी हवीत. ओळखीच्या वकिलाला चार दिवस देण्यास जी टीम तयार नसेल, तिच्याकडे न गेलेले बरे.

पत्र रायडरने स्वतः लिहावे, एका पानात: वय, वजन, वर्ग, मागील दोन हंगामांचे सर्व निकाल (अपूर्ण राहिलेल्या शर्यतींसह), आणि टीमकडून नेमके काय हवे ते. उत्तर न आल्यास महिन्याने एकदाच आठवण करून द्यावी. त्याच वेळी खासगी रायडर म्हणून आणखी एक हंगाम खेळण्याचा खर्च वेगळ्या कागदावर मांडून ठेवावा, ज्यात टायर, पिस्टन, प्रवेश शुल्क आणि पुणे-बेंगळुरूच्या पिकअप भाड्याचे आकडे असावेत. कारण टीमचे उत्तर येण्याआधीच पुढच्या हंगामाच्या प्रवेशिकांची मुदत बहुधा येऊन ठेपते.