जुनी ठासणीची की इनलाइन? अमेरिकेत हरणाच्या सीझनला जाणाऱ्या कोकणकरांसाठी

पहिलं म्हणजे हे सगळं तिकडचं. इथे भेकर, सांबर, पिसोरी मारणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि घरात शेतीसंरक्षणाच्या लायसनची बंदूक आहे म्हणून तो गुन्हा माफ होत नाही. पण आपली बरीच पोरं अमेरिकेत आहेत, तिथे लायसन काढून रीतसर शिकारीला जातात आणि मग दुकानात ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची बंदूक, कुठली घेऊ, जुन्या पद्धतीची की इनलाइन हा तिचा नवा प्रकार, म्हणून फोन करतात, त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी त्या राज्याचे नियम वाचा, बंदूक नंतर. पेनसिल्व्हेनियात ख्रिसमसनंतर जो फ्लिंटलॉक सीझन असतो त्यात नावाप्रमाणे चकमकीचीच चालते, केपवाली (घोडा आपटला की पेटणाऱ्या छोट्या टोपीची) नाही आणि इनलाइन तर नाहीच. महागडी इनलाइन घेऊन बसलात तर त्या सीझनला ती कपाटातच राहणार.

जुन्या पद्धतीची म्हणजे साधारण आपल्या आजोबांचीच, बाजूला घोडा आणि केप किंवा चकमक, फक्त छर्ऱ्यांऐवजी तेलकट कापडात गुंडाळलेली एक गोल गोळी. ७५-१०० यार्डांच्या पलीकडे बार काढू नका, जनावर जखमी होऊन जातं. चकमकीला चाप ओढल्यावर क्षणभर उशीर होतो, तेवढा वेळ नेम हलता कामा नये, हे जमायला प्रॅक्टिसच लागते.

इनलाइन १९८५ च्या नाइट एमके-८५ पासून खरी पसरली. केप नळीच्या सरळ मागे, बहुतेकांत केपच्या जागी २०९ नंबरचा प्रायमर (काडतुसाच्या बुडात असते तशी पेटवणारी टोपी), त्यामुळे ओल्या हवेत बार फुकट जायचं प्रमाण कमी, जिथे परवानगी आहे तिथे स्कोप (नेमाची दुर्बीण) लावता येतो आणि हात बसला असेल तर १५० यार्ड आरामात. नळीच्या मागचं बूच (प्लग) काढून नळी आरपार साफ होते, माझ्या मते खरी चैन हीच.

नवशिक्याला मी इनलाइनच सांगेन. पण सगळा पल्ला झाडीतला पन्नास पावलांचा असेल तर जुनीच घ्या, मजा तिच्यात आहे.

दोन्हीला लागू: काळी दारू किंवा पायरोडेक्ससारखी तिची बदली दारू, आणि तीही कंपनीच्या पुस्तिकेत दिली तेवढीच. काडतुसातली बिनधुराची दारू चुकूनही नको, नळी फुटते. गोळी दारूवर टेकेपर्यंत ठासायची, मधे पोकळी राहिली तरी नळी फुगू शकते, म्हणून एकदा नीट भरली की नळीच्या तोंडाशी ठासायच्या गजावर खूण करून ठेवा, पुढच्या वेळी खूण वर दिसली की समजायचं गोळी अडकलीय. बार उडाला नाही तर तोंड सुरक्षित दिशेला ठेवून मिनिटभर थांबा, लगेच वाकून बघू नका.

आणि त्याच दिवशी धुवायची, गरम साबणाच्या पाण्याने, कोरडी करून तेल. दारूची राख हवेतलं पाणी ओढते. समुद्राकाठच्या घरात राहिलेल्याला गंज काय चीज आहे ते वेगळं सांगायला नको.

तिकडे बऱ्याचशा ठासणीच्या बंदुका फेडरल (केंद्राचा) कायदा अँटिक धरतो, म्हणजे इतर बंदुकांसारखी मोजत नाही, काही राज्यांत मात्र नियम कडक आहेत. ते बघून सुट्टीला येताना एक गावी आणू असं डोक्यात असेल तर काढून टाका, इथे आर्म्स ॲक्ट १९५९ आहे, ठासणीचीलाही लायसन लागतंच.