एक प्रत मुंबईत, दुसरी लातुरात: घरगुती वेब ॲपच्या डेटाची आखणी

लातूरच्या मार्केट यार्डात सोयाबीन घातल्यावर आडत्याकडून जी पट्टी मिळते, तिच्यावर वजन, भाव, हमाली आणि तोलाई एवढेच आकडे असतात. पण तीन-चार हंगामांच्या पट्ट्या स्वतःच्या वेब ॲपमध्ये भरून मूळ कागद उडाले, की तो डेटा गमावणे परवडत नाही. म्हणून सर्व्हर निवडण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्यात: किती वेळाच्या नोंदी गेल्या तरी चालेल आणि ॲप किती वेळ बंद राहिले तरी चालेल. माझी उत्तरे काही मिनिटे आणि दोन दिवस अशी आहेत. त्यामुळे रेप्लिका, म्हणजे मूळ डेटाबेसमागोमाग बदलत राहणारी दुसरी प्रत, हवीच, मात्र मुख्य सर्व्हर बंद पडताच आपोआप ताबा घेणारी महागडी यंत्रणा नको.

मुख्य डेटाबेस घरी ठेवू नये. आमच्याकडे पावसाळ्यात डीपी जळाली की वीज केव्हा येईल याचा नेम नसतो. मी पोस्टग्रेस या डेटाबेसची प्रायमरी (नोंदी घेणारी मुख्य प्रत) मुंबईतल्या भाड्याच्या सर्व्हरवर आणि रेप्लिका लातूरच्या घरातल्या लहान संगणकावर ठेवली आहे. जोडणी रेप्लिकाच सुरू करते, त्यामुळे घरच्या इंटरनेटला स्थिर आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) नसला तरी अडत नाही.

येथे दोन सेटिंग नीट पाहावीत. एकच रेप्लिका असताना सिंक्रोनस पद्धत (नोंद रेप्लिकेत पोचल्यावरच पक्की धरणे) निवडली, तर लातुरात वीज जाताच मुंबईतली प्रत्येक नवी नोंद तिच्या पोचपावतीची वाट पाहत अडकते. म्हणून पोचपावतीची वाट न पाहणारी असिंक्रोनस बरी. दुसरे असे, की रेप्लिकेशन स्लॉट (रेप्लिकेने कुठवर वाचले याची प्रायमरीवरची खूण) वापरल्यास रेप्लिका बंद असेपर्यंत प्रायमरीवर वॉल फाइली (डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदी) साचत राहतात आणि मूळ सेटिंगमध्ये त्यांना मर्यादाच नसल्यामुळे अखेर डिस्क भरते. पोस्टग्रेसच्या आवृत्ती १३ पासून मिळणाऱ्या ‘मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइज’ने ही मर्यादा घालावी, ती ओलांडली गेल्यास रेप्लिका नव्याने उभारावी लागू शकते, पण ॲप चालू राहते.

डेटाबेसचा ५४३२ पोर्ट (बाहेरून जोडणी येण्याचे दार) जगाला उघडा ठेवू नये. दोन्ही यंत्रे वायरगार्ड या खासगी जोडणीच्या (व्हीपीएन) साधनाने जोडावीत, रेप्लिकेशनसाठी वेगळा युजर करावा आणि घरचा संगणक चोरीला जाऊ शकतो हे धरून त्याची डिस्क एन्क्रिप्ट (किल्लीशिवाय वाचता न येणारी) करावी.

रेप्लिका म्हणजे बॅकअप नव्हे. एकदा मी ‘डिलीट’ची अट लिहायला विसरलो आणि लातूरची प्रत क्षणात मुंबईइतकीच रिकामी झाली. त्या दिवशी कामाला आला तो आदल्या रात्रीचा डंप, म्हणजे पूर्ण डेटा उतरवून घेतलेली फाइल. तो रेस्टिक या बॅकअपच्या साधनाने एन्क्रिप्ट करून तिसऱ्या ठिकाणी पाठवावा. माझा नांदेडला बहिणीच्या घरी जातो. १० मार्च २०२१ रोजी स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच या सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा बॅकअपही त्याच आवारात ठेवणाऱ्या काही ग्राहकांच्या दोन्ही प्रती गेल्या. पट्ट्यांचे फोटो डेटाबेसबाहेर फोल्डरमध्ये असतील तर ते रेप्लिकात येत नाहीत, त्यांचाही बॅकअप वेगळा घ्यावा. रेस्टिकचा पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवावा, कारण तो हरवल्यास डेटा कोणालाच उघडता येत नाही.

महिन्यातून एकदा डंप कोऱ्या यंत्रावर उतरवून शेवटच्या पट्टीचे वजन जुळते का ते पाहावे. पहिल्या वेळी माझे ॲप डेटाबेसला जोडलेच गेले नाही, कारण डंप काढणाऱ्या पोस्टग्रेसच्या पीजी_डंपमध्ये युजर आणि त्यांचे पासवर्ड येत नाहीत. ते पीजी_डंपऑलने निराळे काढावे लागतात.