प्रेशर पंप असेल तर गिझरला एक्स्पान्शन टँक जोडा

गिझर तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं? व्हॉल्व्ह बदलण्याआधी हे बघा. २० अंशांचं २५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापलं की जवळजवळ ४०० मिली फुगतं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमुळे (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) ते मागे जाऊ शकत नाही, म्हणून सेफ्टी व्हॉल्व्हमधून वाट काढतं. त्या व्हॉल्व्हच्या तोंडाला बूच मारणं मात्र जिवावर बेतेल. (गिझर गार असतानाही गळत असेल तर दुखणं वेगळं.)

प्रेशर पंपाची लाइन असेल तर पिण्याच्या पाण्याला चालणारा २ लिटरचा एक्स्पान्शन टँक लावून घ्या. आत रबराच्या पडद्याआड हवा असलेली ही छोटी टाकी फुगलेलं पाणी सामावून घेते. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बहुधा सेफ्टी व्हॉल्व्हच्याच पोटात असतो. तेव्हा टँक जोडायची टी (तीन तोंडांचा पाइप-जोड) त्याच्या आणि गिझरच्या मध्ये बसली पाहिजे. प्लंबर सोय बघून ती व्हॉल्व्हच्या आधीच बसवून मोकळा होतो. टँक आणि गिझरच्या मध्ये कॉक नको. सेफ्टी व्हॉल्व्ह काढायचा नाही.

टँकमधली हवा लाइनच्या दाबाइतकी हवी. लाइन २ बारची तर हवाही २ बार. जोडण्याआधीच सायकलच्या पंपाने भरा, टायरच्या गेजने मोजा. नंतर गेज पाण्याचाच दाब दाखवतं. वर्षाकाठी हवेची पिन दाबून पाहा. पाणी आलं तर आतलं रबर फाटलंय.