पोळ्यालाच दिवाळीचं तिकीट: नागपूरहून रेल्वेने जाताना पैसे कसे वाचवायचे

नागपूर देशाच्या मधोमध, त्यामुळे आपल्याला कुठेही जायचं म्हटलं की रात्रभराचा प्रवास ठरलेला. मुंबई लांब, पुणे लांब, आणि निम्म्या घरांतली पोरं पुण्यात शिकून किंवा नोकरी करून राहिली आहेत. वर्षातून तीन-चार चकरा होतातच आणि दरवेळी कोणीतरी शेवटच्या दिवशी तत्काळ नाहीतर ट्रॅव्हल्सचे दुप्पट पैसे भरतं. माझं स्पष्ट मत आहे की रेल्वेत पैसे वाचतात ते तिकीट काढायच्या दिवशी, प्रवासाच्या दिवशी फार थोडे वाचतात. म्हणून सगळ्यात जास्त त्याबद्दलच लिहितो.

पहिलं काम: ६० दिवसांचा हिशोब कॅलेंडरवर लिहून ठेवा

१ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ बुकिंग १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आलंय, प्रवासाचा दिवस सोडून, आणि सकाळी ८ वाजता उघडतं. आता हे लक्षात कसं ठेवायचं? आपल्याकडे सोपं आहे. पोळा श्रावण अमावस्येला आणि लक्ष्मीपूजन आश्विन अमावस्येला, मध्ये बरोबर दोन चांद्रमास म्हणजे ५९-६० दिवस. अधिक मास मध्ये आला नाही तर लक्ष्मीपूजनाच्या दिवसाचं बुकिंग पोळ्याच्या आसपासच उघडतं, एखादा दिवस इकडेतिकडे. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं आणि त्याचं बुकिंग २२ ऑगस्टला म्हणजे नेमकं पोळ्याला उघडलं.

पोरं दिवाळीला दोन-तीन दिवस आधी घरी येतात, म्हणजे त्यांचं पुण्याहून यायचं तिकीट पोळ्याच्या दोन-तीन दिवस आधी काढायचं. भाऊबीज करून दुसऱ्या दिवशी परत निघायचं असेल तर ते बुकिंग हरतालिकेच्या आसपास. घरात पोळ्याची तयारी सुरू झाली की मोबाईल हातात घ्या, इतकंच. तारीख मात्र कॅलेंडरवर मोजून पक्की करा.

अजून एक बारीक गोष्ट, ही बऱ्याच जणांना माहीत नसते. ६० दिवस मोजतात ते गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेपासून. हावडा-मुंबई मेलसारखी गाडी आदल्या दिवशी निघून नागपूरला दुसऱ्या दिवशी येते, त्यामुळे नागपूरच्या तारखेने बघितलं तर तिचं बुकिंग एक दिवस आधीच उघडलेलं असतं. सणाच्या गर्दीत तो एक दिवस फार मोठा असतो.

दुसरं: गाडी कोणती घेताय ते बघा

एकाच वेळी निघणाऱ्या दोन गाड्यांचं भाडं वेगळं असू शकतं आणि का वेगळं ते नंबरवरून बरंचसं कळतं. १२, २० किंवा २२ ने सुरू होणारा नंबर म्हणजे साधारण सुपरफास्ट, त्याचा अधिभार स्लीपरला ३० रुपये आणि थर्ड एसीला ४५ रुपये माणशी. ११ ने सुरू होणाऱ्या गाड्यांना तो लागत नाही. गोंदियाहून नागपूर, भुसावळ, मनमाड, पुणे करत कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस अशीच आहे, वेळ जास्त घेते पण ज्याला घाई नाही त्याने नक्की बघावी.

० ने सुरू होणारा नंबर दिसला की थांबा. त्या स्पेशल गाड्या, सणाला आणि उन्हाळ्यात सोडतात, त्यातल्या बऱ्याच गाड्यांना विशेष भाडं असतं. नेहमीच्या गाडीत वेटिंग असेल तर त्या फार कामाच्या आहेत, जागा मिळते हे खरं, पण आधी नेहमीच्या गाडीत बघून मगच तिकडे वळा.

मुंबईसाठी दुरांतो सगळ्यांना आवडते, रात्री बसलं की सकाळी सीएसएमटी. पण दुरांतोला २०१६ पासून फ्लेक्सी भाडं आहे, म्हणजे दर १० टक्के जागा विकल्या गेल्या की मूळ भाडं १० टक्क्यांनी वाढत जातं, कमाल मर्यादेपर्यंत. त्यामुळे दुरांतो घ्यायची तर बुकिंग उघडल्या उघडल्या घ्या, नाहीतर सेवाग्राम किंवा विदर्भ एक्सप्रेसला जा, तिथे पहिल्या आणि शेवटच्या तिकिटाचं भाडं सारखंच. दुरांतोचं तिकीट काढताना जेवणाचा पर्याय येतो तो नको म्हटलं की तेवढे पैसे कमी होतात. वंदे भारतमध्येही तसंच.

पुण्यासाठी गरीबरथ रोज नसते पण एसीत बसून थर्ड एसीपेक्षा कमी पैसे, त्यामुळे दिवस जुळत असेल तर पहिली पसंती तिलाच. आणि थर्ड एसी इकॉनॉमी हा वर्ग बऱ्याच गाड्यांना लागतो, थर्ड एसीपेक्षा थोडा स्वस्त, चादर-ब्लँकेट मिळतंच, बर्थ जरा दाटीवाटीचे असतात. माझ्या मते एका रात्रीसाठी थर्ड एसीला जास्त पैसे द्यायची गरज नाही.

वेटिंगवर पैसे अडकवू नका

वेटिंग सगळं सारखं नसतं. नागपूरहून सुटणाऱ्या गाडीचं नागपूरहून तिकीट काढलं तर साधारणपणे जनरल वेटिंग मिळतं, ते बरंच पुढे सरकतं. हावड्याहून येणाऱ्या गाडीत मधल्या स्टेशनचा कोटा छोटा, तिथे आरएलडब्ल्यूएल किंवा पीक्यूडब्ल्यूएल असं लिहिलेलं दिसतं आणि ते कन्फर्म होणं अवघड. मग शेवटी तत्काळ करावं लागतं. म्हणून पर्याय असेल तर आपल्या स्टेशनहून किंवा जवळून सुटणारी गाडी आधी बघायची.

ऑनलाईन वेटिंग तिकीट चार्ट लागेपर्यंत कन्फर्म झालं नाही तर आपोआप कॅन्सल होतं, पण पैसे पूर्ण परत येत नाहीत, क्लार्केज म्हणून माणशी साधारण ६० रुपये कापतात. तीन वेगवेगळ्या गाड्यांत वेटिंग काढून ठेवायची सवय असेल तर हे गुणून बघा. त्यापेक्षा बुकिंग करताना विकल्प योजनेवर टिक करा, जागा असेल तर दुसऱ्या गाडीत बर्थ देतात आणि फरकाचे पैसे घेत नाहीत. मात्र एकदा दुसरी गाडी मिळाली की ते कन्फर्म तिकीट धरलं जातं, नंतर कॅन्सल केलं तर त्याच नियमाने पैसे कापले जातात. ऑटो अपग्रेडला पण हो म्हणा, मिळालं तर फुकट वरचा वर्ग मिळतो.

तत्काळ खरंच लागत असेल तर आदल्या दिवशी एसीचं १० वाजता, स्लीपरचं ११ वाजता. जुलै २०२५ पासून ऑनलाईन तत्काळला आधार पडताळणी केलेलं खातं लागतं, ते काम आजच करून ठेवा, ऐन वेळी ओटीपीच्या भानगडीत सीटा संपतात. जादा पैसे थर्ड एसीला माणशी ३०० ते ४००, स्लीपरला १०० ते २००. चौघांचं कुटुंब थर्ड एसीने गेलं की १२०० ते १६०० रुपये नुसते तत्काळचे, वर कन्फर्म तत्काळ कॅन्सल केलं तर काही परत नाही. प्रीमियम तत्काळकडे तर मी बघूच नका म्हणेन, तिथे भाडं मागणीप्रमाणे वाढत जातं. त्याआधी एकदा करंट बुकिंग बघा. चार्ट लागल्यावर उरलेल्या जागा तिथे विकतात, तत्काळचा चार्ज नसतो, सण सोडून मधल्या वारी बऱ्याचदा मिळून जातं.

सलग तिकीट, आणि ज्यांना फिरायचंय त्यांच्यासाठी चक्राकार तिकीट

हा भाग माझ्या आवडीचा आहे. रेल्वेचं भाडं अंतर वाढत गेलं की दर किलोमीटरला कमी होत जातं. म्हणजे नागपूर ते मनमाड आणि मनमाड ते पुढे अशी दोन तिकिटं काढण्यापेक्षा सलग एक तिकीट स्वस्त पडतं. मध्ये थांबायचं असेल तरी ५०० किलोमीटरच्या वरच्या तिकिटावर एकदा आणि १००० च्या वर दोनदा प्रवास खंडित करता येतो, पहिला थांबा ५०० किलोमीटरनंतर आणि दोन दिवसांपर्यंत. राजधानी, शताब्दीसारख्या गाड्यांना हे चालत नाही.

तीर्थयात्रेला जाणाऱ्या घरांनी चक्राकार प्रवासाचं तिकीट नक्की विचारावं. जिथून निघायचं तिथेच परत यायचं, मध्ये जास्तीत जास्त ८ ठिकाणी थांबता येतं. भाडं काढताना एकूण अंतराचे दोन सारखे भाग करून दोन लांब प्रवासांचं भाडं लावतात, त्यामुळे तुकड्या-तुकड्यांत काढलेल्या तिकिटांपेक्षा बरंच कमी होतं. स्वतःचा मार्ग ठरवून मोठ्या स्टेशनवर किंवा विभागाच्या वाणिज्य कार्यालयात द्यायचा, तो मंजूर झाला की तिकीट, मग प्रत्येक टप्प्याचं आरक्षण वेगळं करायचं. खिडकीवर वेळ लागतो, गर्दी नसते अशा दुपारी जा आणि मार्ग कागदावर स्टेशनांच्या नावांसकट लिहून न्या.

सवलती, ज्या घ्यायच्या राहून जातात

ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. लोअर बर्थचा कोटा मात्र आहे, ६० च्या वरचे पुरुष आणि ४५ च्या वरच्या महिला, तो बुकिंग करताना जरूर निवडा.

कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी जाता-येताना स्लीपर आणि थर्ड एसीत १०० टक्के सवलत आहे आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. विदर्भातून मुंबईला टाटा हॉस्पिटलला किती घरं जाऊन राहिली आहेत आणि त्यातले कित्येक जण पूर्ण भाडं भरून जातात, हे बघून फार वाईट वाटतं. हॉस्पिटलच्या डॉक्टरकडून रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यात दाखला घ्यायचा आणि तिकीट खिडकीवरून काढायचं. तत्काळमध्ये ही सवलत मिळत नाही, म्हणून पुढची तारीख मिळाली की त्याच दिवशी तिकिटाची सोय करा. ओळखीत कोणी असेल तर कृपा करून त्यांना हे सांगा.

विद्यार्थ्यांना सुट्टीत गावी जायला स्लीपर आणि सेकंड क्लासला ५० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना ७५ टक्के. कॉलेजच्या ऑफिसमधून कन्सेशन फॉर्म घ्यावा लागतो, त्यात वयाची अट आहे. ऑफिसमध्ये विचारायला लाजू नका.

५ ते १२ वर्षांच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर अर्धं भाडं, बर्थ घेतला तर पूर्ण. चेअर कारमध्ये बिनसीटचा पर्याय नसतो.

पैसे भरताना

आयआरसीटीसीवर युपीआयने भरलं तर सुविधा शुल्क स्लीपरला १० आणि एसीला २० रुपये, कार्डने १५ आणि ३०, वर जीएसटी. हे दर तिकिटामागे आहे, माणसामागे नाही, म्हणून घरचे सगळे एकाच तिकिटावर घ्या, सहा जणांपर्यंत चालतं. खिडकीवर हे शुल्क नाहीच. दुसऱ्या अ‍ॅपवरून काढत असाल तर शेवटच्या पानावर आधीच टिक करून ठेवलेल्या गोष्टी काढून टाका. ४५ पैशांचा प्रवास विमा तेवढा राहू द्या, त्यात १० लाखांपर्यंतचं संरक्षण आहे.

गाडी तीन तासांपेक्षा जास्त लेट असेल आणि तुम्ही जाणारच नसाल तर गाडी सुटायच्या आत टीडीआर म्हणजे पैसे परत मागायचा अर्ज टाका, पूर्ण पैसे परत मिळतात. थंडीत उत्तरेकडून येणाऱ्या गाड्यांना हे हमखास कामी येतं.

जवळचा प्रवास

वर्धा, काटोल, भंडारा, तुमसर, गोंदिया अशी रोजची ये-जा असेल तर मासिक पास. १५० किलोमीटरपर्यंत मिळतो आणि सेकंड क्लासचा पास साधारण १५ वेळच्या भाड्यात महिनाभर चालतो, तीन महिन्यांचा घेतला तर अजून स्वस्त. सुपरफास्टने जायचं असेल तर त्याचे पैसे वेगळे. शाळा-कॉलेजला जाणाऱ्या मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत सेकंड क्लासचा पास मोफत आहे, गावातल्या पालकांना हे अजूनही कळलेलं नाही.

आणि घरातल्या बायका आणि म्हातारी माणसं जवळपासच जाणार असतील तर आधी एसटी बघा. महिलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाला अर्धं, ७५ च्या वर फुकट. अमरावतीला ७५ च्या वरच्या आजी-आजोबांना घेऊन जायचं तर एसटीच स्वस्त, रेल्वे तिथे पुरी पडत नाही. लांबच्या प्रवासाला मात्र रेल्वेच, आणि सोबत पोळी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि घरून भरलेली पाण्याची बाटली. गाडीत व्हेज थाळी ८० रुपयांची, चौघांचे जाऊन-येऊन दोन वेळचे धरले तर तेवढ्यात एका माणसाचं स्लीपरचं तिकीट निघतं.