गाडी 'टोटल लॉस' झाली म्हणून फोन आला? सही करायच्या आधी या चुका टाळा

विमा कंपनीने नेमलेल्या सर्व्हेअरचा, म्हणजे नुकसान मोजणाऱ्या माणसाचा, फोन येतो, "गाडी टोटल लॉसमध्ये जातेय, आरसी, दोन्ही चाव्या आणि कॅन्सल चेक तयार ठेवा", एवढं बोलून तो ठेवून देतो. अपघातातून नाहीतर पुरातून नुकता सावरणारा माणूस मग एकतर घाबरून सगळ्याला हो म्हणतो, नाहीतर चिडून भांडायला लागतो, आणि दोन्हीत नुकसान त्याचंच होतं. नात्यातल्या तीन गाड्यांचे असे क्लेम मी अगदी जवळून पाहिलेत, कागद स्वतः बसून वाचलेत, म्हणून कळकळीने सांगतो की टोटल लॉस, म्हणजे गाडी दुरुस्त करणं परवडत नाही असं धरणं, हा एक हिशोब असतो आणि तो हिशोब बघायचा, तपासायचा आणि चुकला असेल तर दुरुस्त करून मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पहिली चूक: फोनवरच्या शब्दाला निर्णय समजणं

आपल्याकडच्या मोटार पॉलिसीत साधा नियम लिहिलेला असतो. गाडी उचलून आणण्याचा आणि दुरुस्तीचा मिळून खर्च, पॉलिसीच्या अटी लावून, आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी 'कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस' धरायची. आयडीव्ही म्हणजे पॉलिसीवर छापलेली गाडीची किंमत. आता यातले 'पॉलिसीच्या अटी लावून' हे शब्द फार महत्त्वाचे आहेत, कारण गॅरेजवाल्याने दिलेलं एस्टिमेट आणि सर्व्हेअरने मंजूर केलेली रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर, नायलॉनचे पार्ट, टायर, बॅटरी, एअरबॅग यांच्यावर ५० टक्के घसारा कापला जातो, फायबरग्लासवर ३० टक्के, काचेवर काहीच नाही, आणि पत्र्याच्या पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणे. म्हणजे गॅरेजचं एस्टिमेट ६ लाखांचं असलं तरी सर्व्हेअरचा आकडा त्याच्या बराच खाली येऊ शकतो.

त्यामुळे फोन आला की एकच मागायचं, "असेसमेंट शीट मेलवर पाठवा." तोंडी नको. व्हॉट्सअ‍ॅपवर अर्धवट फोटो नको. त्यात आयडीव्ही, पार्टची यादी, घसारा, लेबर, जीएसटी, एक्सेस (क्लेममधली तुम्ही स्वतः सोसायची ठरलेली रक्कम) आणि शेवटचा आकडा दिसला पाहिजे.

माझ्या मेव्हण्याच्या गाडीला डाव्या बाजूने धडक बसली होती. शीट आली तेव्हा आम्ही दोघं गॅरेजमध्ये गेलो आणि गाडीसमोर उभं राहून एकेक ओळ वाचली. यादीत दोन्ही हेडलाइट बदलायचे लिहिलेले, उजवा हेडलाइट आमच्यासमोर नीट पेटला. पुढचा बंपर दोनदा आला होता, एकदा असेंब्ली म्हणून आणि एकदा नुसता बंपर म्हणून. उजव्या दरवाजाला ओरखडासुद्धा नव्हता तरी यादीत आख्खा दरवाजा. त्या तीन-चार ओळी काढल्यावर आकडा ७५ टक्क्यांच्या खाली आला आणि गाडी रिपेअरमध्ये गेली. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, घाईत तयार झालेल्या यादीत असं होतं, पण आम्ही वाचलं नसतं तर गाडी हातची गेली असती हे खरं.

उलटंही होतं बरं का. कंपनी रिपेअर करा म्हणते, आकडा ७० टक्क्यांच्या आसपास, आणि गाडी खोलल्यावर चासी वाकलेली निघते. तेव्हा गप्प बसू नका, गॅरेजला सप्लिमेंटरी, म्हणजे नव्याने सापडलेल्या नुकसानीचं, एस्टिमेट द्यायला लावा आणि सर्व्हेअरला पुन्हा बोलवा. आणि डॅशबोर्डपर्यंत पाण्यात बुडालेली गाडी रिपेअरच करून द्या असा हट्ट तर अजिबात धरू नका, वायरिंग आणि कंट्रोल युनिटचे त्रास पुढे वर्षभर निघत राहतात आणि ते प्रत्येक वेळी क्लेममध्ये बसतीलच असं नाही.

प्रीमियम वाचवायला आयडीव्ही खाली आणणं

ही चूक आपण अपघाताच्या कितीतरी आधी करतो, रिन्युअलच्या वेळी, मोबाइलवर एक बटण सरकवून.

आयडीव्ही काढायची पद्धत ठरलेली आहे. एक्स-शोरूम किमतीतून वयाप्रमाणे घसारा वजा: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५०. पाच वर्षांच्या पुढे कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता. धरा, गाडीची एक्स-शोरूम किंमत ९ लाख आणि वय अडीच वर्षं. आयडीव्ही आली ६,३०,०००, तिचे ७५ टक्के म्हणजे ४,७२,५००. सर्व्हेअरने ४,२०,००० चा खर्च धरला तर गाडी रिपेअर होणार. आता याच माणसाने प्रीमियम कमी दिसतो म्हणून आयडीव्ही ५,५०,००० वर आणली असती, तर ७५ टक्के होतात ४,१२,५००, तोच खर्च, तीच गाडी, आणि ती टोटल लॉस. वर हातात येणार ८० हजार कमी. आयडीव्ही कमी केली की पैसे कमी मिळतात एवढंच बहुतेकांना माहीत असतं, गाडी टोटल लॉस व्हायची रेषाही खाली सरकते हे कुणी सांगत नाही.

तसंच 'रिटर्न टू इनव्हॉइस' अ‍ॅड-ऑन (पॉलिसीवर वेगळे पैसे भरून घेतलेलं जादा कव्हर) घेतलेला लोक विसरूनच जातात. तो असेल तर आयडीव्हीऐवजी बिलाच्या रकमेच्या हिशोबाने पैसे मिळतात, त्याच्या अटी पॉलिसीत बघा आणि क्लेममध्ये स्वतःहून लिहून मागा.

"मार्केटमध्ये या गाडीला एवढे पैसे येत नाहीत" हे ऐकून घेणं

कधी कधी आयडीव्ही ५ लाख असताना "साडेचारला सेटल करा, लगेच मिळतील" अशी ऑफर येते. नाही म्हणा. स्टँडर्ड पॉलिसीतच लिहिलंय की टोटल लॉससाठी आयडीव्ही हीच पॉलिसीच्या पूर्ण मुदतीत गाडीची मार्केट व्हॅल्यू धरायची आणि त्यावर आणखी घसारा लावायचा नाही. त्यातून जाणार फक्त एक्सेस, कम्पल्सरी एक्सेस १५०० सीसीपर्यंत १००० रुपये आणि त्यावर २००० रुपये, तुम्ही स्वतःहून जास्त एक्सेस घेतला असेल तर तो वेगळा. बाकी कुठलीही कपात असेल तर ती पॉलिसीच्या कुठल्या अटीखाली केली ते लेखी मागा.

भंगार आणि आरसी, सगळ्यात मोठी चूक इथे होते

टोटल लॉसमध्ये उरलेल्या गाडीला साल्व्हेज म्हणतात. बऱ्याचदा कंपनी म्हणते की साल्व्हेजची किंमत वजा करून आम्ही पैसे देतो, उरलेले गाडी घेणारा देईल. आयडीव्ही ५ लाख, साल्व्हेज २ लाख, तर कंपनीकडून ३ लाखांतून एक्सेस जाऊन येणार आणि २ लाख त्या खरेदीदाराकडून. इथे सांभाळायचं असं की तो २ लाखांचा आकडा खरा पाहिजे. बोली कुणी लावली, किती दिवस चालू आहे, लेखी आहे का, हे विचारा. कंपनीचे पैसे जमा झाल्यावर खरेदीदार मागे फिरला आणि "आता १ लाख ४० देतो" म्हणाला तर ते ६० हजार तुमच्या खिशातून जातात. म्हणून खरेदीदाराचे पैसे बँकेत जमा झाल्याशिवाय गाडी, चावी, कागद काही द्यायचं नाही. तुमच्याकडे जास्त देणारा कुणी असेल तर त्याची ऑफरही कंपनीला कळवा.

आता आरसी. खरेदीदार आला की गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या मागतो, आणि आपण पैसे मिळाले या समाधानात सह्या करून मोकळे होतो. हे करू नका हो. त्या गाडीची डागडुजी होऊन ती पुन्हा रस्त्यावर आली, आरसीवर नाव तुमचंच राहिलं, इन्शुरन्स नाही, आणि उद्या तिने कुणाला उडवलं तर नोटीस तुमच्या दारात येणार. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या केसमध्ये अगदी स्पष्ट केलंय की आरटीओच्या रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक, मधे गाडी कितीही हातांतून गेली तरी भरपाईची जबाबदारी त्याची.

मग करायचं काय? गाडी पुन्हा चालण्यासारखी नसेल तर आरसी रद्दच करून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते. लोन आणि थकलेले चलान आधी मिटवून ठेवा, नाहीतर काम तिथेच अडतं. गाडी आरसीसकट विकली जात असेल तर फॉर्ममध्ये घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख भरूनच सही करा, त्याच्या आधारची कॉपी आणि तारीख-वेळ लिहिलेली डिलिव्हरी नोट घ्या, आणि नाव ट्रान्सफर झालं का ते परिवहनच्या साइटवर दर आठवड्याला बघत राहा. फास्टॅगही त्याच दिवशी बंद करा.

लोन चालू असेल तर

पैसे आधी बँकेला जातात, उरले तर तुम्हाला. क्लेम चालू आहे म्हणून हप्ता थांबवू नका, सिबिल खराब होतो आणि कंपनी त्याची भरपाई देत नाही. बँकेकडून फोरक्लोजर स्टेटमेंट, म्हणजे लोन पूर्ण मिटवायला किती भरायचे तो कागद, लगेच मागवा. लोन आयडीव्हीपेक्षा जास्त बाकी असेल तर वरचा फरक तुम्हालाच भरायचाय, त्याची सोय आधीपासून बघा. लोन मिटल्यावर बँकेची एनओसी आणि आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ विसरू नका.

गॅरेजमध्ये गाडी पडून राहणं

टोटल लॉस ठरला की गॅरेजचा इंटरेस्ट संपतो आणि पार्किंगचं मीटर सुरू होतं. रोजचा चार्ज किती, कधीपासून, गाडी खोलण्याचे पैसे किती, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा, आणि उशीर कंपनीमुळे होत असेल तर तसा मेल टाका की आजपासूनचा पार्किंग खर्च तुमच्यावर. गाडीतलं सामान, स्टेपनी, म्युझिक सिस्टिम यांचे फोटो गाडी सोडतानाच काढा. पाण्यात अडकलेली गाडी स्टार्ट करायचा प्रयत्न तर चुकूनही करू नका, इंजिनात पाणी ओढलं गेलं की तो खर्च साध्या पॉलिसीत नाकारला जातो, त्याला इंजिन प्रोटेक्ट अ‍ॅड-ऑन लागतो.

अडकलात तर कुणाकडे जायचं

आयआरडीएआय, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था, तिच्या २०२४ च्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत रिपोर्ट द्यायचा आणि रिपोर्ट आल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. या तारखा तुमच्या वहीत लिहून ठेवा, मेलमध्ये तारखांसकट विचारलं की उत्तरं लवकर येतात असा माझा अनुभव आहे.

उत्तर पटलं नाही तर कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला लेखी तक्रार करा, सोबत आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर नोंदवा. ३० दिवसांत काही झालं नाही किंवा नकार आला तर विमा लोकपाल, म्हणजे इन्शुरन्स ओम्बड्समन. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, आपल्याकडे मुंबई आणि पुण्यात ऑफिस आहे. मात्र नकार मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. ग्राहक आयोगाची वाट वेगळी, तिथे दोन वर्षांची मुदत.

आणि 'फुल अँड फायनल' व्हाउचरवर, म्हणजे पूर्ण पैसे मिळाले असं लिहून देणाऱ्या कागदावर, सही करून बसला असाल तर लगेच हार मानू नका. आयआरडीएआयने २०१५ मध्येच कंपन्यांना कळवलंय की अशा व्हाउचरवर सही केली म्हणून जास्त भरपाई मागायचा ग्राहकाचा हक्क संपत नाही. तरी पैसे घ्यायची घाई असेल तर सही करण्याआधी एक मेल टाका, "रक्कम हरकत नोंदवून स्वीकारत आहे", आणि त्या मेलची प्रिंट क्लेमच्या फाइलमध्ये लावून ठेवा.