धाकटा नोड रोज रात्री का झोपायचा?

घरी के-थ्री-एसचा (कुबरनेटीस या अनेक संगणकांवर मिळून प्रोग्रॅम चालवणाऱ्या प्रणालीची हलकी आवृत्ती) छोटा क्लस्टर, म्हणजे जोडलेल्या संगणकांचा गट आहे. तीन रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढे संगणक), नावं थोरला, मधला, धाकटा; यातला प्रत्येक म्हणजे एक नोड. थोरला सर्व्हर, म्हणजे सूत्रं सांभाळणारा, बाकीचे दोघे एजंट, म्हणजे कामं करणारे. रात्री फोटोंचा बॅकअप सुरू झाला की धाकटा नॉटरेडी (कामाला तयार नाही), आणि सकाळी बघावं तर साळसूदपणे रेडी. तेव्हापासून नोड्सची यादी देणाऱ्या ‘क्यूबसीटीएल गेट नोड्स’ कमांडमधल्या त्या एका शब्दावर मी विसंबत नाही.

आधी थोरल्यावर ‘क्यूबसीटीएल डिस्क्राइब नोड धाकटा’ चालवा आणि कंडिशन्सचा तक्ता नीट वाचा. रेडीसमोर फॉल्स असेल तर क्यूबलेट (नोडवर चालणारा, सर्व्हरला खबर देणारा प्रोग्रॅम) जिवंत आहे, ‘मला बरं नाही’ असं तोच सांगतोय. कारण शेजारच्या मेसेजमध्ये सापडतं. अननोन असेल तर नोडकडून निरोपच येईनासा झालाय. क्यूबलेट साधारण दर १० सेकंदांनी हजेरी लावतो, ती चुकत गेली की सर्व्हर अननोन लिहून मोकळा होतो. मग थोरल्यावर बसून राहण्यात अर्थ नाही, एसएसएचने (दुरून लॉगिन करून) त्या नोडवरच जायचं.

माझ्याकडे अननोन होतं. लॉग बघायला गेलो आणि अर्धा तास वाया घालवला, कारण एजंटवर सर्व्हिसचं नाव के-थ्री-एस-एजंट असतं, नुसतं के-थ्री-एस नाही. डिस्क किती भरलीय ते बघितलं: ‘डीएफ -एच’. के-थ्री-एस डिस्कप्रेशरची (जागा संपत आल्याची) ओरड मोकळी जागा ५ टक्क्यांखाली गेल्यावरच करतो, त्यामुळे मी ८० टक्के भरली की हात घालतो. ‘के-थ्री-एस क्रायसीटीएल आरएमआय --प्रून’ने न वापरलेल्या इमेजेस (प्रोग्रॅमच्या साठवलेल्या प्रती) उडतात. इथे मात्र जागा भरपूर होती.

मग ‘अपटाइम’, म्हणजे बूट होऊन किती वेळ झाला ते. थोरला महिनाभर चालू, धाकटा नऊ तास! म्हणजे गडी झोपत नव्हता, रीस्टार्ट होत होता. वीजपुरवठ्याची तक्रार दाखवणाऱ्या ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ने शून्य-एक्स-शून्य सांगायला हवं, आलं शून्य-एक्स-५००००. याचा अर्थ, बूट झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं आणि प्रोसेसरचा वेगही आवळला गेला.

पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात. मी लावला होता फोनचा २ अँपिअरचा चार्जर. एरवी निभायचं, बॅकअपचा भार आला की मान टाकायचा. चार्जर बदलला, आता त्या कमांडला शून्य येतं आणि रात्रीही नोड रेडी असतो. जुना चार्जर परत आईच्या फोनला लावलाय, तिथे बिचारा उत्तम चालतो.